परत येण्यास तयार: होय

सोमवार, १ सप्टेंबर २००३

आठ महिने कोरे सोडून नवव्या महिन्यात डायरी लिहायला घेतोय. वरातीमागून घोडं. डायरी मंचरच्या सोहनलालशेठच्या कापड दुकानाची भेट आहे. प्रत्येक पानावर वर दुकानाचं नाव आणि खाली सुविचार. आजचा सुविचार: 'बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा मोठा.' शेठ डायरी देताना अर्धा तास बोलत होते.

लिहायला बसण्याचं कारण कॉलेजचा हुकूम. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा वाढवायला एक आंतरराष्ट्रीय मंडळ नेमलंय. सहा देशांतली कॉलेजं त्यात आहेत आणि आपल्याकडून आमचं तळेघरच्या अलीकडचं ग्रामीण केंद्र निवडलं गेलंय. मंडळाचं म्हणणं असं की विद्यार्थ्यांना रोग ओळखता येतो पण रोग्याशी बोलता येत नाही. म्हणणं खरं आहे. उपाय म्हणून त्यांनी वीस कलमांचा तक्ता पाठवलाय. नकली पेशंट बसवायचा, विद्यार्थ्याने त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचं, आपण कोपऱ्यात बसून कलमामागून कलम होय-नाही लिहायचं. शिवाय शिक्षकाने स्वतःच्या शंका-कुशंकांची वही ठेवायची. ती वही मी इंग्रजीत ठेवीन, त्यांना हवी तशी. ही माझी.

डिसेंबरात मंडळाच्या डॉ. हेलेन परीक्षा बघायला येणार. पास झालो तर केंद्र 'आदर्श' ठरेल आणि अकरा वर्षं लटकलेलं माझं प्रमोशन मार्गी लागेल. मला इथे का पाठवलं? 'पडवळ, तुम्ही तिकडचेच ना!' मी महाळुंगे पडवळचा. आमचं गाव सपाटीवर, बागायती. तळेघर डोंगरात, भाताचं आणि नाचणीचं. पुण्याच्या डीनसाहेबांना दोन्ही 'तिकडे'च.

सोमवार, ८ सप्टेंबर

आज ओपीडीत एक बाई आली. ठकूबाई, पन्नाशीची, वरच्या वाडीची. वाडी इथून चढणीने दीड तास.

"डाक्टरसायेब, खोकला हाय. तीन आठवडं झालं. सांजच्याला अंग कढत व्हतं. रातीला घाम फुटून लुगडं भिजतं. खाल्लेलं अंगी लागंना. लई वाळून गेले."

इतकं नेटकं वर्णन पुस्तकातही सापडत नाही. नळी लावली तर फुप्फुसं एखाद्या हमालाची असावीत तशी ठणठणीत. ताप नाही, धाप नाही, दंड माझ्यापेक्षा भरलेले. दहा मिनिटांत एकदाही खोकली नाही. खोका म्हटलं तर नुसता घसा खाकरला. थुंकी तपासू म्हणून डबी पुढे केली तर म्हणते, "डबी घरी नेऊ का?" म्हटलं, घरी कशाला, इथेच द्या. मग डबी टेबलावर परत ठेवली.

फुकट औषधासाठी लोक काय काय करतात ते पंधरा वर्षं बघतोय. आमचा जुना शिपाई जानकू हळूच म्हणाला, "सायेब, वरच्या वाडीची मान्सं सोंगात लई पटाईत. हिचा मालक जत्रंत सोंग घ्यायचा. बघनारं रडायचं, राव."

तेव्हाच डोक्यात आलं. मला नकली पेशंट हवा होता आणि तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता. विचारलं, "बाई, आत्ता जे बोललात ते शिकाऊ डॉक्टरांपुढे बोलाल का? बारा जण आहेत."

"बारा डाक्टर?" ती सावरून बसली. "बारा जन इचारत्याल? औषीद सांगत्याल?"

"सांगतील की."

"मग येते," म्हणाली आणि उठली.

सोमवार, १५ सप्टेंबर

ठकूबाईची तालीम. तिने सांगितलेलीच लक्षणं तिच्याच शब्दांत कार्डावर उतरवली. वय पन्नास, तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, वजन कमी. तिला वाचता येत नाही, पण एकदा म्हणून दाखवलं तेवढ्यात पाठ. मंडळाच्या कागदात नकली पेशंटला भलंमोठं नाव आहे. ती 'सोंग' म्हणते. "आज कोन्तं सोंग हाय, सायेब?" मी म्हणतो, हेच, दर वेळी हेच.

तक्त्यातली कलमं सोपी आहेत. नमस्कार केला का, नाव विचारलं का, मध्ये तोडलं का, आजार समजावला का. विसावं कलम: 'रुग्ण परत येण्यास तयार आहे का?' विद्यार्थ्याने शेवटी विचारायचं, "परत याल ना?" पेशंट म्हणतो, "येते." लिहायचं होय. हे कलम मला फार आवडलं. स्वच्छ उत्तर, संशयाला जागा नाही.

बारा इंटर्नमध्ये सोहनलालशेठची मुलगी चेतना आहे. हुशार, पण संथ. दहा मिनिटांत तिची सात कलमंसुद्धा होत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक साडी निवडत असावं तशी पेशंटपुढे बसून राहते.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

पहिली फेरी. ठकूबाईने बाजी मारली. फक्त एक खोड आहे, ती कार्डाबाहेर जाते. ऋषी नावाच्या इंटर्नने छान समजावलं, हा क्षयाचा खोकला असू शकतो, सहा महिने औषध, बरा होतो. तर बाई विचारते, "अन् अंगावर पिनारं पोर आसंल तर?"

ऋषी गडबडला. म्हणाला, "मग पोराला पाजू नका. बाहेरचं दूध द्या. लांब ठेवा त्याला."

उत्तर चूक होतं. आईने पाजायचंच असतं, तोंडाला पदर लावून, आणि बाळाला वेगळं औषध द्यायचं असतं. पण प्रश्नच कार्डावर नव्हता, म्हणून गुण दिलेही नाहीत आणि कापलेही नाहीत. नंतर ठकूबाईला म्हटलं, "पन्नास वर्षांच्या बाईच्या अंगावर पिणारं पोर कुठून आलं?" पोरं हसली. तीही हसली, थोडीशी. म्हणाली, "चुकलं, सायेब."

परत येण्यास तयार: होय. बारापैकी बारा.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पोरांनी खऱ्यासारखं वाटावं म्हणून औषधांच्या खोट्या चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केलीय. ठकूबाई प्रत्येक चिठ्ठी घडी घालून कनवटीला लावते. परत मागितल्या तर दोन 'हरवल्या'. जानकूने सांगितलं की घोडेगावच्या बाजारात ती औषधाच्या दुकानासमोर हातात चिठ्ठी घेऊन उभी होती, खोकल्याची बाटली घेतली. म्हणजे पहिल्या दिवशीचं माझं निदान बरोबर होतं. लोभ.

तरी कामात चोख आहे, म्हणून काही बोललो नाही. कॉलेजने आमचे आकडे मागवले होते ते पाठवले. विसाव्या कलमाला शंभर टक्के. सहाही देशांत कोणाचे नाहीत म्हणे. मान्य करतो, बरं वाटलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी काय झालं?" तिला काय सांगणार!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

भातकापणी. निम्मी वाडी शेतात, ओपीडी ओस. ठकूबाई उशिरा आली, पायाला चिखल तसाच. सोंग नेहमीसारखं झालं. एका इंटर्नने विचारलं, "घरी कोण कोण असतं?" यावर ती एकदम रडायला लागली. कार्डावर अश्रू नव्हते, पण प्रसंग रंगला. त्या पोराला 'सहानुभूती'त पूर्ण गुण दिले.

निघताना मला विचारते, "सायेब, शेळीचं दूध सा म्हैन्याच्या पोराला पचतं का?" मी प्रमोशनचा अर्ज भरत होतो. म्हटलं, "पाणी घालून उकळून द्या." ती उभीच. "अजून काय?" तर म्हणाली, "काय न्हाई. येते."

या बाईला कुठे थांबायचं ते कळत नाही. सोंग संपलं तरी चालूच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

परीक्षेआधी एकदा केंद्र बघायला म्हणून डॉ. हेलेन येऊन गेल्या. उंच, साध्या, साठीच्या. पायांत चालायचे बूट. हॉलंडमध्ये तीस वर्षं शिकवतात. मी विसाव्या कलमाचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुन्हा बघितलं.

"सगळे परत येतो म्हणतात?"

"सगळे."

"खऱ्या ओपीडीतसुद्धा हाच तक्ता वापरता ना? त्यातले किती परत आले?"

मी म्हटलं, आपण विद्यार्थ्याचं मोजमाप करतोय, पेशंटचं नाही. त्यांनी मान हलवली. पटून हलवली की कशी, ते कळलं नाही. मग विचारलं की तो पेशंटचा शब्द नेमका काय? मी सांगितलं, 'येते' म्हणजे मी येईन.

चहाचे कप उचलताना जानकू मध्येच तोंड घालतो, "सायेब, 'येते' तर समदीच म्हनत्यात. 'जाते' कोन म्हनंल? अभद्र बोलायचं आसतं व्हय?"

हेलेनबाईंनी विचारलं, हे काय म्हणतात? मी सांगितलं, जेवण तयार आहे म्हणतोय. भाषेचं ज्ञान जानकूकडून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

मंगळवार, २ डिसेंबर

ठकूबाई न सांगता गैरहजर. परीक्षा आठ दिवसांवर. बदली म्हणून जानकूला बसवलं. तीन आठवडे खोकला म्हणायचं सोडून तो तंबाखू कशी सुटत नाही ते सांगत बसला. चेतना मात्र त्याच्याशी पंचवीस मिनिटं बोलली. मी ओरडलो, दहा मिनिटांत उरकायला शीक. म्हणाली, "सर, घाई केली की गिऱ्हाईक उठून जातं." म्हटलं, हा दवाखाना आहे, दुकान नाही.

वाडीला निरोप पाठवलाय. ठकूबाई नाही आली तर सगळं मुसळ केरात.

बुधवार, १० डिसेंबर

परीक्षा झाली. जे झालं ते क्रमाने लिहितो.

ठकूबाई आली. डोळे खोल गेलेले, बोलणं तुटक. मला वाटलं सोंगात मुरली. सकाळी अकरा इंटर्न व्यवस्थित पार पडले. पुण्याचे परीक्षक मागच्या बाकावर होते, हेलेनबाई माझ्या शेजारी बसून होत्या आणि मी त्यांना एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होतो. अकरा वेळा 'येते', अकरा वेळा होय.

शेवटी चेतना. नमस्कार केला, नाव विचारलं, काय होतंय विचारलं. ठकूबाईने नेहमीचं म्हटलं, तीन आठवडं खोकला, सांजच्याला अंग कढत. पण आवाजात काही जीव नव्हता. चेतनाने तक्ता उलटा करून बाजूला ठेवला आणि म्हणाली,

"मावशी, कोणासाठी?"

मला वाटलं पोरगी गोंधळली. ठकूबाईने तिच्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग म्हणाली, "सुनंसाठी."

"काय नाव तिचं?"

"इंद्रायनी. श्रावनापासनं खोकतीया. आता उठवना झालंय तिला. पोर सात म्हैन्याचं हाय. तुमच्यातल्या एका डाक्टरनं सांगितलं पाजू नको, म्हून तोडलं मी त्याला अंगावरनं. त्ये बी वाळलं. ल्योक पारगावला कारखान्यावर, हंगाम संपस्तवर येत न्हाई. ताई, म्या एकली काय काय करू?"

हेलेनबाईंनी मला विचारलं, काय म्हणते आहे? मी म्हटलं, "ती कार्ड सोडून बोलते आहे."

आज दिवसभरात मी केलेलं हे एकच भाषांतर खोटं होतं, आणि तेवढंच त्यांना खोटं वाटलं. "नाही," त्या म्हणाल्या, "शब्द सांगा." मग सांगितले.

घंटा झाली. चेतनाने तिचा हात धरला होता तो सोडला नाही, आणि 'परत याल ना' विचारलंच नाही. ठकूबाईच उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "जाते आता. तिकडं ती एकलीच हाय."

दारातून जानकू ओरडला, "आगं ठकू, आसं म्हनू नाई!"

ती गेली. विसाव्या कलमापुढे माझं पेन थांबलं. मग लिहिलं, नाही. इतक्या महिन्यांतलं पहिलं.

चेतनाला मी वीसपैकी अकरा दिले. कलमांप्रमाणे तेवढेच होतात. बाहेर येऊन तिला विचारलं, हा प्रश्न कुठून काढलास? म्हणाली, "सर, आमच्या दुकानात पहिला प्रश्न हाच असतो. कोणासाठी पाहिजे? घ्यायला येणारी बाई स्वतःसाठी घेतेच असं कुठंय? सासूसाठी घेते, लेकीसाठी घेते. पप्पा आधी तेच विचारतात, मग माप."

हेलेनबाई रागावल्या नाहीत. गाडीत बसताना फक्त विचारलं, तिचं घर किती लांब आहे? मी म्हटलं, दीड तास चालत. "तुम्ही गेला होता?" मी म्हटलं, नाही.

संध्याकाळी ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. सगळं इथे आहे. डबी घरी नेऊ का. अंगावर पिणारं पोर. खोकल्याची बाटली. शेळीचं दूध. माझ्याच अक्षरात, तारखेसह, आणि प्रत्येकापुढे माझा एकेक विनोद. दूध पाणी घालून द्या असंही मीच सांगितलंय. ऋषीचं उत्तर चूक हे मला तेव्हाच माहीत होतं. दोन वाक्यांत दुरुस्त करता आलं असतं. मला लाज वाटते. दुसरा शब्द सुचत नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळी सातला चेतना, जानकू आणि मी वाडीला निघालो. अर्ध्या चढावर माझी फुप्फुसं बोलायला लागली. ठकूबाई हीच वाट आठवड्यातून एकदा चढत-उतरत होती, माझं सोंग वठवायला.

इंद्रायणी बावीस वर्षांची. ओसरीच्या कडेला गोधडीवर पडलेली, आम्हाला बघून उठायला गेली, जमलं नाही. नळी लावली. आता वर्णनाप्रमाणे सगळं होतं, कार्डातला शब्दन् शब्द. ताप, घाम, दोन्ही बाजूंना छाती भरलेली. वजनकाटा नेला होता, जानकूने तिला धरून उभं केलं, एकतीस किलो. तिचा आवाज बसलाय, विचारलं की नुसती मान हलवते. पोराचे पाय काटकुळे, पण रडणं जोरात. चेतनाने ते आईपाशी ठेवलं, तिच्या तोंडाला पदर बांधला, पाज म्हणाली. इंद्रायणीने सासूकडे बघितलं. सासूने माझ्याकडे. मी म्हटलं, "पाजू दे. आधी सांगितलेलं चुकीचं होतं." ते वाक्य तोंडातून निघायला वेळ लागला.

ठकूबाईला विचारलं, खरं का नाही सांगितलंत?

"मान्साला बघितल्याबिगर औषीद देत न्हाईत म्हनत्यात. तिला तर उतरवत न्हाई. म्हून मीच आजारी झाले." पुढे म्हणाली, "तुमी वळखलं की मी आजारी न्हाई. मला वाटलं आता इचारत्याल मग कोन हाय म्हून. तर तुमी कामावर ठिवलं. मी म्हनलं बरं झालं, बारा डाक्टर हायेत. पर बारा डाक्टरांनी बारा गोष्टी सांगितल्या, सायेब. मी म्हनायची, पुढचा तरी बरोबर सांगंल."

"दुसऱ्या कोणाला सांगायचं, वाडीत..."

"वाडीत सांगितलं तर हिला पानवठ्यावर येऊ देत्याल का?"

एका डबीत थुंकी लगेच घेतली. दुसरी उद्या सकाळच्या थुंकीसाठी घरीच ठेवली. जानकू उद्या येऊन नेईल.

निघताना सवयीने म्हटलं, "येतो."

ठकूबाई उंबऱ्यावर उभी होती. म्हणाली, "ह्ये कोन्तं 'येतो', सायेब? जायाचं का यायाचं?"

टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "यायचं. सोमवारी."

सोमवार, १५ डिसेंबर

घोडेगावहून निकाल, दोन्ही थुंकींत क्षयाचे जंतू. सरकारी गोळ्यांची पेटी मिळाली, पेटीवर पेशंटचं नाव लिहायचं असतं. इंद्रायणी. सोमवार, बुधवार, शुक्रवार, कोणीतरी समोर बसून गोळ्या गिळवायच्या, पहिले दोन महिने. वाडीला आरोग्यसेविकेची जागा रिकामी आहे. चेतना म्हणाली, आपण वार वाटून घेऊ. म्हटलं, तुझी बदली महिनाअखेरीला आहे. मी जातो.

गेलो. सात गोळ्या, एकेक करत वीस मिनिटं लागली. बाळाला अर्धी गोळी चुरून आईच्या दुधातून.

बुधवार, १७ डिसेंबर

गेलो. ओकारी झाली. थांबून पुन्हा दिल्या.

गुरुवार, १८ डिसेंबर

मंडळाचा अहवाल कालच आला होता, आज उघडला. केंद्र पास. 'नकली पेशंटचा अभिनय अत्यंत वास्तववादी' असा खास उल्लेख आहे. तो हेलेनबाईंच्या नव्हे, पुण्याच्या परीक्षकांच्या सहीचा. हेलेनबाईंनी वेगळं पत्र पाठवलंय, एका ओळीचं: एकविसावं कलम घाला, 'हे दुखणं कोणाचं?' मी तेच लिहून डीनसाहेबांकडे पाठवलं. तासाभरात फोन आला. पाच हजार तक्ते छापून झालेत, आता बदल करता येणार नाही. आणि पडवळ, अभिनंदन.

चेतनाचे अकरा गुण खोडून एकोणीस केले. एक गुण वेळ न पाळल्याबद्दल कापला, तेवढा नियम राहू दे.

शुक्रवार, १९ डिसेंबर

गेलो.

सोमवार, २२ डिसेंबर

गेलो. ताप उतरलाय. ठकूबाईने नाचणीची भाकरी दिली, नाही म्हणता आलं नाही. मी खात असताना शेजारीण डोकावली. ठकूबाईने स्वतःहून सांगितलं, "सुनंला खोकला हाय, डाक्टर औषीद देत्यात." शेजारीण गेली. तिने काय केलं ते पुढच्या वेळी कळेल.

बुधवार, २४ डिसेंबर

गेलो. शेजारणीने दोन हंडे पाणी भरून ओसरीला ठेवले होते, अंगणातूनच, आत न येता. ठकूबाई म्हणाली, "ह्ये बी लई झालं."

शुक्रवार, २६ डिसेंबर

सकाळी कामाला घोडेगावला गेलो होतो, परतीची एस.टी. आली नाही. घोडेगावहून दुधाच्या गाडीने, पुढे चालत. उशीर झाला. ठकूबाई वाटेवर येऊन बसली होती. मला बघून उठली आणि पुढे चालायला लागली.

सोमवार, २९ डिसेंबर

प्रमोशनचं पत्र. पहिल्या तारखेपासून पुण्यात रुजू व्हायचं. कळवलं की सोमवार, बुधवार, शुक्रवार फेब्रुवारीपर्यंत जमणार नाही. कारण या रकान्यात काय लिहावं बराच वेळ सुचेना. 'रुग्णास येतो असे सांगितले आहे' असं लिहिलं. डीनसाहेब म्हणतील, पडवळ शेवटी तिकडचाच. म्हणोत.

दुपारी गेलो.

बुधवार, ३१ डिसेंबर

डायरीचं शेवटचं पान. सुविचाराच्या जागी सोहनलालशेठनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा आणि लग्नाच्या बस्त्यावर खास सवलत छापलीय.

आठवा डोस. वजन साडेबत्तीस. पुढे काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही, दोन्ही बाजूंना छाती भरलेली होती. पण आज ती भिंतीला टेकून बसली होती आणि पोर मांडीवर होतं. सातही गोळ्या तिने स्वतःच्या हाताने घेतल्या. ठकूबाई शेतावर गेली होती, घरात आम्ही तिघंच. मी पिशवी भरली, चपला घातल्या आणि म्हटलं, "येतो."

आतून इंद्रायणी म्हणाली, "या."